विद्यापीठ नाशिकला, विष यवतमाळला!

श्रावण-भाद्रपदात यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही बौद्ध वस्तीत संध्याकाळी जाऊन पाहा. विहारात वर्षावासानिमित्त 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन चाललेले असते. बायका पुढे, म्हातारे भिंतीला टेकून आणि पोरे दाराशी बसलेली असतात. त्यात चार-दोन माणसे अशी असतात, की त्यांच्या शेजारी बसले तर औषधाचा उग्र वास येतो. हा दवाखान्यातल्या औषधाचा वास नव्हे. आमच्या भागात कीटकनाशकालाही औषधच म्हणतात. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात पऱ्हाटीवर औषध मारून आलेला माणूस अंगावर दोन तांबे पाणी घेतो, सदरा बदलतो आणि विहारात येऊन बसतो. वास मात्र जात नाही. तो कातडीत मुरलेला असतो.

२०१७ सालच्या अशाच दिवसांत हा वास अंगावर घेऊन गेलेली कितीतरी माणसे घरी परतली नाहीत. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो माणसे यवतमाळच्या मेडिकलमध्ये, म्हणजे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, भरती झाली. कुणाची नजर गेली, कुणाला श्वास घेता येईना, कुणी भ्रमिष्टासारखे बडबडू लागले, म्हणून हातपाय खाटेला बांधावे लागले. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना याची खबर लागायला ऑक्टोबर उजाडला. मग मंत्री आले, कॅमेरे आले, विशेष तपास पथक नेमले गेले, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली. ही बंदी आली तेव्हा फवारणीचा हंगाम जवळजवळ आटोपला होता!

त्यावेळी सरकारला प्रश्न विचारले गेले, कंपन्यांना विचारले गेले, कृषी खात्याला आणि कृषी सेवा केंद्रवाल्यांनाही विचारले गेले. एका संस्थेला मात्र कुणी काहीच विचारले नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला! आम्हाला आज तिच्याविषयी बोलायचे आहे.

हे विद्यापीठ १० जून १९९८ रोजी स्थापन झाले. तोपर्यंत राज्यातली वैद्यकीय महाविद्यालये आपापल्या विभागाच्या विद्यापीठांना जोडलेली होती. कुठे परीक्षा वेळेवर, कुठे उशिरा, प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा. तो गोंधळ संपवावा, आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार हे सारे एका छताखाली यावे, असा त्यामागचा विचार होता. आज राज्यभरातली चारशेच्या वर महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. यवतमाळचे मेडिकल १९८९ साली सुरू झाले, म्हणजे विद्यापीठापेक्षा ते नऊ वर्षांनी मोठे आहे. यवतमाळहून नाशिक पाचेकशे किलोमीटर. अंतराची तक्रार आम्ही करत नाही. मुंबईही दूरच आहे, आणि दिल्ली त्याहून दूर. पण यवतमाळच्या विद्यार्थ्याला या विद्यापीठाची आठवण कधी येते? परीक्षेचा अर्ज भरताना, निकाल लागताना आणि पदवी घेताना. विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारे कार्यालय, अशीच त्याची समजूत झालेली आहे. ती समजूत चुकीची आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी विद्यापीठाची आहे.

कुणी म्हणेल, विद्यापीठाचा आणि फवारणीचा काय संबंध? विद्यापीठाने डॉक्टर तयार करावेत, बाकीचे सरकार पाहील. हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याची पाहणी करणारी समिती नेमली गेली आणि १९४६ साली तिचा अहवाल आला. या देशाला 'सामाजिक वैद्य' हवा, असे त्या अहवालात बजावले होते. रोग्याने दाराशी येऊन खोकावे आणि वैद्याने बाटली द्यावी, एवढ्याने भागणार नाही. माणूस आजारी का पडला हे वैद्याने शोधले पाहिजे आणि त्यासाठी विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे स्वतंत्र शिक्षण दिले पाहिजे, असे समितीचे म्हणणे होते. त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना त्यांच्याच खात्यात आकाराला आली आणि पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. काम करताना माणूस आजारी पडला तर तो त्याचा नशिबाचा भोग नाही, कामाचा परिणाम आहे, आणि त्याची भरपाई मिळणे हा त्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले.

पण कारखान्याच्या फाटकाशी येऊन तो विमा थांबला, आणि शेतमजूर बाहेरच राहिला. यंत्रावर बोट तुटले तर ते कामगाराला कामावर झालेली इजा म्हणून लिहिले जाते. दुसऱ्याच्या शेतात पाठीवर पंप घेऊन विष मारताना मजूर कोसळला तर त्याच्या केसपेपरवर फक्त 'विषबाधा' असे लिहितात. त्याला त्या शेतात कुणी पाठवले, किती मजुरीवर पाठवले, याचा तिथे उल्लेख नसतो. शेतकऱ्यांच्या अपघाताच्या मदतीची सरकारी योजना आहे, तिलाही सातबारा लागतो. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही त्याने सातबारा कुठून आणावा?

आणि फवारणी करतो कोण? सातबारा ज्याच्या नावावर आहे तो धुऱ्यावर उभा असतो. लहान कास्तकार स्वतःच पंप उचलतो, आणि २०१७ मध्ये असे कितीतरी कास्तकार मेले, हे आम्ही विसरलेलो नाही. त्यांचे दुःख आमचेच आहे. पण ज्याची शेती मोठी, त्याच्या शेतात पंप बौद्धाच्या, मातंगाच्या, कोलामाच्या, गोंडाच्या, बंजाऱ्याच्या पाठीवर असतो. गावकुसाबाहेरच्या माणसाने मेलेले ढोर ओढावे, ही जुनी व्यवस्था. ते काम बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आमच्या बापजाद्यांनी टाकले. नव्या व्यवस्थेत अंगाला विष लावून घेण्याचे काम आमच्या वाट्याला आले, आणि त्याला मजुरी मिळते म्हणून ते काम आहे असे आम्ही समजत राहिलो.

त्या वर्षी नेमके काय झाले, ते जरा समजून घेतले पाहिजे. बीटी कपाशीला बोंडअळी लागणार नाही असे सांगितले गेले होते. गुलाबी बोंडअळीने त्या बियाण्याला दाद दिली नाही. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, दाट. त्यात शिरून वर तोंड करून फवारा मारायचा, म्हणजे निम्मे औषध परत आपल्याच अंगावर. हवा दमट. पंप बॅटरीचे, बारीक धुके सोडणारे. अळी मरेना म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने दोन-तीन औषधे आणि वर टॉनिक एकत्र कालवलेले. घामाने आणि औषधाने भिजलेला सदरा दिवसभर पाठीला चिकटलेला. विष तोंडावाटेच जाते असे लोकांना वाटते. ओल्या कपड्यातून, कातडीतून ते अधिक जाते.

'संरक्षक पोशाख का घातला नाही?' हा प्रश्न त्यावेळी प्रत्येक साहेबाने विचारला. आम्हीही एका फवारणी करणाऱ्याला तो विचारला होता. तो म्हणाला, "भाऊ, तो पलास्टिकचा कोट घालून भर उन्हात एक तास पऱ्हाटीत उभं राहून पाहा, मंग सांगजा." आमच्याकडे उत्तर नव्हते. विदर्भाच्या उन्हात घालता येईल असा कोट कसा असावा, याचा शोध लावण्याचे काम कोणत्या विद्यापीठाचे आहे? आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून हे करू नये, असा काही नियम आहे काय?

आता दवाखान्यातली गोष्ट. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातली कीटकनाशके, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे, शरीरातल्या कोलिनएस्टरेज नावाच्या पदार्थाला निकामी करतात. मग तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छाती भरते. रक्तातले कोलिनएस्टरेज मोजले की विष किती भिनले ते कळते. अॅट्रोपिन हा त्यावरचा उतारा. पण डायफेनथियुरॉनसारखी वेगळ्या वर्गातली कीटकनाशके आहेत, त्यांवर असा नेमका उतारा नाही. म्हणून माणसाच्या अंगात काय गेले हे डॉक्टरला कळणे, हाच जगण्या-मरण्याचा प्रश्न होतो. आमच्या वाचकांनी एवढे तरी लक्षात ठेवावे, की फवारणी करताना कुणाला चक्कर आली, उलटी झाली, तर त्याचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे, आणि दवाखान्यात नेताना औषधाची बाटली लेबलासकट सोबत न्यावी. तर २०१७ साली, कापसाच्या आणि आत्महत्यांच्या या जिल्ह्यात, कोलिनएस्टरेज मोजण्याची सोय यवतमाळच्या रुग्णालयात नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी रात्रंदिवस राबून शेकडो माणसे वाचवली, त्यांना आमचा जयभीम. आमचा प्रश्न त्यांना नाही. ज्या जिल्ह्यात दरवर्षी हंगामात विषबाधेचे रुग्ण येतात, त्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयाला संलग्नता चालू ठेवताना विद्यापीठाची तपासणी समिती काय तपासत होती? शिक्षक किती, खाटा किती, वाचनालयात पुस्तके किती, हे मोजले जाते. या भागातली माणसे कशाने मरतात आणि त्यासाठी इथे काय लागते, हे समितीच्या कागदात येते काय?

कायदा नाही म्हणावे तर तसेही नाही. कीटकनाशक कायदा १९६८ सालचा आहे. त्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे विषबाधेच्या प्रत्येक घटनेची माहिती कळवणे राज्य सरकार अधिसूचनेद्वारे बंधनकारक करू शकते. १९७१ च्या नियमांत कीटकनाशके हाताळणाऱ्यांची ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी सांगितलेली आहे. आता फवारणी करणाऱ्या एकाही माणसाला विचारा, की बाबा, तुझी तपासणी कधी झाली? तो हसेल.

नोंदीचे महत्त्व किती असते, याचा अनुभव पुढे आला. सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडच्या शासकीय यंत्रणेकडे सिंजेंटा या कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली. दोन विधवा आणि एक बचावलेला माणूस यांच्या वतीने तिथल्या न्यायालयातही दाद मागण्यात आली. कंपनीने आरोप नाकारले. तिचे 'पोलो' हे डायफेनथियुरॉनयुक्त कीटकनाशक वापरायला तिच्या स्वतःच्या देशात परवानगी नाही, आणि आमच्या देशात ते विकले गेले, हा त्या तक्रारीचा गाभा. पण आम्हाला सांगायचे आहे ते वेगळेच. कोणत्या रुग्णाने कोणते कीटकनाशक फवारले होते, हे सात समुद्रापलीकडे दाखवण्यासाठी आधार मिळाला तो पोलिसांच्या कागदांचा! पोलीस शिपायाने पंचनाम्यात बाटलीचे नाव लिहिले म्हणून ५१ कुटुंबांना तोंड उघडता आले. हे काम शास्त्रीय पद्धतीने, दरवर्षी, छापील नमुन्यात करायला ज्यांना शिकवले जाते, त्या विद्येचे पीठ नाशिकला आहे.

श्रीलंका हा आपल्याहून लहान देश. शिवाय बुद्धाचा देश म्हणून आपल्या ओळखीचा. तिथे कोणत्या विषाने किती माणसे मरतात, याची नोंद रुग्णालयांतून घेतली गेली, आणि त्या नोंदीच्या बळावर १९९५ साली मोनोक्रोटोफॉससारखी जहाल कीटकनाशके बंद झाली. पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. आपल्याकडे २०१३ साली बिहारमध्ये शाळेच्या जेवणातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन २३ लेकरे मेली, २०१७ ला यवतमाळ झाले, आणि मोनोक्रोटोफॉसच्या नेहमीच्या द्रावणावर बंदीचा आदेश निघायला २०२३ साल उजाडले. मधल्या वर्षांत मेलेल्यांचा हिशेब कुणी मांडायचा?

विद्यापीठ काहीच करत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात, रक्तदान होते, संशोधनाला अनुदान मिळते. २०२१ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमाने एम.बी.बी.एस.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घ्यावी लागतात. पहिल्या वर्षापासून त्याने त्या घरी जायचे, वजन-उंची-रक्तदाब पाहायचा, हिमोग्लोबिन पाहायचे, कुटुंबाशी नाते ठेवायचे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात काम करावे लागते. योजना उत्तम आहेत. पण गाव कोणते निवडले जाते? बस जाते ते. आणि त्या गावात घर कोणते? ग्रामपंचायतीच्या जवळचे, ज्याच्या ओट्यावर खुर्च्या टाकून बसता येते ते. विद्यार्थ्यांची गाडी मारुतीच्या पाराशी थांबते आणि तिथूनच परत फिरते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. बौद्धवाडा तिथून दोनशे पावलांवर असतो. झरी-जामणी, केळापूर, मारेगाव तालुक्यांतले कोलामांचे पोड तर आणखी आत, पावसाळ्यात चिखल तुडवत जावे लागते. कोलाम ही केंद्र सरकारने विशेष दुर्बल म्हणून नोंदलेली जमात आहे. दत्तक घ्यायचेच तर आधी कुणाला घ्यावे, हे सांगायला आयोगाचे परिपत्रक लागते काय?

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९६९ साली सुरू झाले, आज ते याच विद्यापीठाला संलग्न आहे. गांधीजींशी आमचे मतभेद जगजाहीर आहेत आणि ते पुणे करारापासूनचे आहेत. पण त्या महाविद्यालयात प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, मुले गावात मुक्काम करतात, आणि नंतरही त्या घरांकडे जात राहतात. हे तिथे आयोगाच्या नियमाच्या कितीतरी वर्षे आधीपासून चालत आले आहे. चांगले ते चांगले म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही. सेवाग्रामला जमते ते यवतमाळला का जमू नये, एवढेच आम्ही विद्यापीठाला विचारतो. एकाच विद्यापीठाची दोन्ही लेकरे आहेत.

दुसरा एक विषय आहे, तो आमच्या घरातला आहे. सिकलसेल. मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९५८ साली आला, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी. तेव्हापासून झालेल्या अभ्यासांत विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजात, तसेच गोंड, परधान वगैरे आदिवासींत, हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसत आला. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे ठणकतात, लेकरू रात्रभर रडते. आमच्या वस्त्यांत अशी लेकरे 'अंगात रक्त नाही' म्हणून वाढली आणि ऐन तरुणपणात गेली. कुणी बाहेरची बाधा म्हटले, कुणी नशीब.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे त्यात ठरले. या अभियानाचा रोख आदिवासीबहुल भागावर आहे. आदिवासींना अग्रक्रम मिळालाच पाहिजे, त्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण शासकीय कागदात 'आदिवासींचा आजार' असे एकदा छापले गेले की विदर्भातल्या बौद्धाचे लेकरू त्या कागदातून निसटते. इथे आरोग्य विद्यापीठाने उभे राहून, आपल्या महाविद्यालयांतल्या रक्ततपासण्यांच्या आधारे, सरकारला सांगायला हवे की बाबांनो, जनुक जातीचा दाखला पाहून शरीरात शिरत नाही. हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही एवढा त्याला आहे.

इथे आमच्या समाजालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. नवरा-बायको दोघेही सिकलसेलचे वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस स्वतः रोगी नसतो. पण तपासणीत मुलगी वाहक निघाली की सोयरीक मोडते, आणि मुलगा वाहक निघाला की ते लपवले जाते! म्हणून लोक तपासणीलाच जात नाहीत. आपले वधू-वर मेळावे गावोगाव भरतात. उंची, रंग, नोकरी, पगार सारे विचारले जाते. तिथे रक्ततपासणीचे एक टेबल का नसावे, सोबत समजावून सांगणारा कुणी का नसावा? १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला. जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, असे त्यात त्यांनी दाखवले. आम्ही ते राजकारणात वापरले, लग्नात वापरले नाही. पिढ्यान्पिढ्या एकाच वर्तुळात लग्ने होत राहिली की वाहकाची गाठ वाहकाशीच पडण्याचा धोका वाढतो, एवढे साधे गणित आहे.

फ्लोराइडचे पाणी हाही याच जिल्ह्याचा प्रश्न. पांढरकवड्याच्या बाजूला पिवळे पडलेले दात आणि वाकलेले गुडघे घेऊन माणसे फिरतात. त्यावर वेगळे लिहावे लागेल.

आरोग्य विद्यापीठ म्हणजे फक्त डॉक्टरांचे विद्यापीठ, ही आणखी एक गैरसमजूत. परिचारिका त्याच विद्यापीठाच्या आहेत, आणि गावात आशा, अंगणवाडीताई, आरोग्यसेवक यांच्याच हातून आरोग्यसेवा पोहोचते. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी येथे बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. लेकरे वाचली हे नशीब. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, बातम्या झाल्या, विषय मिटला. कोविडच्या वर्षात कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या त्या माणसांना प्रशिक्षण किती मिळाले होते, कुणाकडून मिळाले होते, हे कुणी विचारले नाही. चूक ती चूकच. पण शिक्षा खालच्या माणसाला आणि प्रशिक्षणाचा हिशेब कुणालाच नाही, ही आपल्या व्यवस्थेची जुनी खोड आहे.

आणि ज्या विद्यार्थ्याने उद्या आमच्या वस्तीत यायचे, तो महाविद्यालयात काय शिकतो? दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली आणि २००७ साली तिथला भेदभाव उघड केला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांना अटक झाली, प्रकरण न्यायालयात गेले. ते महाविद्यालयही याच विद्यापीठाशी जोडलेले. पायल ही भिल्ल-तडवी समाजातली शिकलेली लेक होती, स्त्रीरोगशास्त्र शिकत होती. ती शिकून परत गेली असती तर किती बाया सुखरूप बाळंत झाल्या असत्या! जनतेच्या स्वास्थ्याची गोष्ट करणाऱ्या विद्यापीठाला आपल्याच वसतिगृहातल्या मुलीचे स्वास्थ्य राखता येत नसेल, तर त्याच्या दीक्षान्त समारंभातल्या भाषणांवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा? प्रत्येक महाविद्यालयातल्या अनुसूचित जाती-जमाती कक्षाची बैठक कधी झाली आणि किती तक्रारी निकाली निघाल्या, याचा तक्ता विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावा. परीक्षेचे निकाल जाहीर करता येतात, तसेच हेही करता येईल.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेतले आणि ससाण्यांच्या माळावर, डॉक्टर असलेल्या मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्यात आणले. त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्या हाती पदवी नव्हती. यशवंताने मात्र शिकलेली विद्या घेऊन शहराबाहेर माळावर दवाखाना थाटला होता.

आता आम्हाला काय हवे आहे, ते स्पष्टच सांगतो. यवतमाळच्या मेडिकलमध्ये जुलै ते ऑक्टोबर फवारणी-विषबाधेची स्वतंत्र नोंदवही असावी. तीत रुग्णाचे वय, गाव, कीटकनाशकाचे नाव, कशात कालवले, शेत स्वतःचे की दुसऱ्याचे, मजुरी रोजाने की पंपामागे, हे सारे लिहिले जावे. विद्यापीठाने ती माहिती नावे वगळून दर डिसेंबरला छापावी, आणि विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात ती आमदारांच्या हाती पडावी. हंगामाच्या आधी, मृगात, फवारणी करणाऱ्यांचे कोलिनएस्टरेज एकदा तपासावे आणि हंगामाच्या मध्यावर पुन्हा तपासावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात विषय पायाला ठेचाळतात. विद्यार्थ्यांनी मराठीत बोलावे, जमल्यास चार वाक्ये कोलामीत आणि गोरमाटीत शिकावीत.

राहिला प्रश्न, लोक भेटतील कुठे, ऐकतील कधी? दिवसा मजूर शेतात असतो, त्याला शिबिराला बोलावले तर रोज बुडतो. त्यासाठी आम्ही वेळ आणि जागा सुचवतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, आणि फवारणीचे महिनेही नेमके तेच. सायंकाळी सातनंतर सारी वस्ती विहारात असते. वीस मिनिटे वाचनानंतर डॉक्टर होणाऱ्या पोरापोरींना द्यायला कुणीही नाही म्हणणार नाही. पंप टेकवून आलेला माणूस तिथेच बसलेला सापडेल, त्याच्या सदऱ्याचा वासही येईल. विहार एरवी बंद दिसला तर किल्ली कुणाकडे असते ते वस्तीत कुणालाही विचारावे, लहान पोरगेही घर दाखवील.